मणीपट्ट्याखालची भेग

मित्रांनो, मी एक जुना तुंबा आहे, पूर्व आफ्रिकेतल्या मसाई लोकांच्या घरात दूध ठेवायचा. वेलीवर होतो तेव्हा नुसता भोपळा होतो. सिमालोईने मला वाळवले, आतला गर खरवडला, गळ्याला कातडे शिवले आणि त्यावर मणी जडवले. एकेक मणी सुईत घेऊन, खालच्या ओळीत अडकवत. पांढरे दुधाचे, हिरवे गवताचे, निळे आभाळाचे. पाहुणे आधी मला न्याहाळायचे, मग दूध प्यायचे. खोटे कशाला बोलू, मला ते आवडायचे.

मला पाण्याने धूत नाहीत. रानजैतुनाच्या लाकडाचा निखारा आत टाकून खुळखुळ हलवतात. दुधाला त्या धुराचा वास लागतो. सिमालोईची नात नासिएकू त्याच वासावर वाढत होती. दिवस भरण्याआधी जन्मलेली, मूठभर जीव. तिची आई रेसियातो हिचे दूध तापात आटले, तेव्हापासून बाळ गाईचे दूध प्यायचे, तेही फक्त माझ्यातले.

एका सकाळी रेसियातोने निखारा आत टाकला. तेवढ्यात बाळाला ठसका लागला, म्हणून ती धावली. मला हलवायचे राहिले. निखारा एकाच जागी बसला आणि माझी कूस तडकली. तिने घाबरून मला कोपऱ्यात सरकवले आणि दूध बाटलीत ओतले. नासिएकूने तोंड फिरवले. थोड्या वेळाने पुन्हा फिरवले. दुपारपर्यंत तिच्या रडण्यातलाही जोर गेला.

"येयो," म्हणजे आई, शेवटी रेसियातो सासूला म्हणाली, "तुंबा तडकलाय. माझ्यामुळे."

"कधी?"

"सकाळी."

"आणि आत्ता सांगतेस? मी काय खाल्लं असतं तुला? दात तरी उरलेत का माझे!"

सिमालोईने आरीने भेगेच्या दोन्ही कडांना भोके पाडली, टाके घातले, मेण भरले. वरून आवळायला मण्यांचा पट्टा हवा होता. नवा करायला चार दिवस लागले असते. तिने स्वतःच्या कमरेचा, लग्नातला मणी जडवलेला कातड्याचा पट्टा सोडला, ओला केला आणि माझ्याभोवती ताणून शिवला.

"उन्हात ठेवू? लवकर वाळेल."

"नको गं बाई. कातडं एकदम आखडलं तर टाके उसवतील. सावलीत, वाऱ्यावर राहू दे. आणि सारखं चाचपू नकोस!"

रेसियातोने तरी चारदा चाचपले.

ऊन कलले. निखारा पडला, आणि या वेळी दोघींनी मिळून मला हलवले. दूध ओतले. रेसियातो माझ्याखाली तळहात धरून बसली. थेंब नाही. अजूनही नाही. मग तिने मला बाळाच्या ओठांशी नेले. नासिएकूने वास घेतला, क्षणभर थांबली आणि गटकन घोट घेतला. मग दुसरा. मग थांबेचना.

रेसियातो हसता हसता रडू लागली.

"रड नंतर," सिमालोई म्हणाली. "आधी तिची ढेकर काढ."

मित्रांनो, वस्तू जपा, हे तुम्हाला सगळेच सांगतात. मी एवढेच म्हणेन, हातून काही तुटले तर घरात लगेच सांगा. थोडे बोलतील, पण सुई-दोरा घेऊन तेच शेजारी बसतील.