चौदा मिलिमीटरचा आठ

आमच्या रस्त्यावर त्या वर्षी दोन महिने एकाही माणसाला चष्मा लागत नव्हता. हसू नका. तोंडात उरलेल्या तीन दातांची शपथ घेऊन सांगतोय, आणि त्यातला एकही अजून हलत नाही. न्हाव्याने चष्मा काढून ठेवला. तो एका कानाजवळ कात्री चालवायचा आणि दुसऱ्या कानाला विचारायचा, "लागलं का हो?" शिंपिणीने चष्मा काढून ठेवला आणि एका गिऱ्हाइकाच्या शर्टाला तीन बाह्या लावल्या. गिऱ्हाईक तो शर्ट घालून खुशाल घरी गेलं, कारण आरशात त्याला दोनच दिसल्या.

या सगळ्यांच्या खिशात एकेक कागद होता. कागदावर शिक्का, आणि शिक्क्याखाली दोन शब्द: दृष्टी उत्तम.

कागद देणारा आमचा चष्मेवाला. कोपऱ्यावर त्याचं दुकान, बोगद्यासारखं लांब आणि अरुंद. एका टोकाला खुर्ची, तिच्यापासून मोजून सहा मीटरवर टेबल आणि टेबलावर कॉम्प्युटर. कॉम्प्युटर इतका जुना, की त्याचा पडदा ट्रंकेएवढा खोल होता आणि चालू करताना वर झोपलेलं मांजर उठून बसायचं. त्या पडद्यावर आकडे यायचे. वर मोठे, खाली बारीक बारीक होत गेलेले. खुर्चीतल्या माणसाने ते वाचायचे. दर वेळी आकडे बदलत, म्हणजे पाठ करून यायची सोय नाही.

दोन महिने जो बसेल तो शेवटची ओळ घडाघडा वाचत होता. चष्म्यांच्या फ्रेमींवर धूळ साचली, पण चष्मेवाल्याची छाती फुगली. "माझ्या हाताला गुण आलाय," तो म्हणायचा. "नुसता खुर्चीत बसवतो आणि माणूस बरा होतो!"

आता माझ्या बहिणीचं सांगतो, कारण खरा जीव टांगणीला लागला होता तो तिचा. माझी धाकटी बस चालवते. तीन नंबरची. बावीस वर्षांत तिने बसच्या आरशालासुद्धा ओरखडा येऊ दिला नाही. त्या दिवशी दुपारी पावणेचारला ती गणवेशातच माझ्या दारात उभी.

"दादा, चप्पल घाल. चष्मेवाल्याकडे चल."

"का गं? तुला कशाला चष्मा?"

तिने आधी मागे कोणी नाही ना ते पाहिलं. "महिना झाला, स्टॉपवरच्या पाट्या मला नीट दिसत नाहीत. एकाचे दोन दिसतात. कुणाला बोलले नाही. आज पाचच्या आत डोळ्यांचा दाखला डेपोत द्यायचाय. एकाचे दोन दिसणाऱ्याला बस देत नाहीत, दादा. उद्यापासून तीन नंबर दुसऱ्याच्या हातात आणि मी तिकिटांच्या खिडकीत."

बसचं सीट सोडलं तर ही बाई जगात कुठेही स्वस्थ बसत नाही. लहानपणी जेवायला बसली तरी पायाने क्लच दाबायची, आणि तेव्हा आमच्या घरी सायकलसुद्धा नव्हती. मी चप्पल घातली. घाईत एक तिचीच घातली, पण ते जाऊ द्या.

दुकानात चष्मेवाल्याने तिला खुर्चीत बसवलं. "घाबरू नका ताई. माझ्या खुर्चीतून आजवर कोणी रिकाम्या हाताने गेलेलं नाही. वाचा."

तिने वरून सुरुवात केली आणि थेट शेवटच्या ओळीला जाऊन थांबली. "सात, दोन, नऊ, चार, आठ."

"वा! दृष्टी उत्तम!" त्याने शिक्का उचलला.

"थांबा," धाकटी म्हणाली. "मग बाहेरच्या पाट्या का दिसत नाहीत मला?"

"मनाचे खेळ हो, ताई. कागद घ्या आणि जा."

"माझ्या मागे चाळीस माणसं बसलेली असतात. ज्या कागदावर माझा स्वतःचा विश्वास नाही तो घेऊन मी गाडी चालवू? दादा, तू बस बघू खुर्चीत."

आता माझे डोळे कसे आहेत ते सांगतो. चष्मा काढला तर समोरची म्हैस आहे की बाकडं, हे मी हात लावून ठरवतो. चष्मा काढून खुर्चीत बसलो आणि वाचलं, "सहा, तीन, पाच, दोन, आठ." शेवटची ओळ! मांजरसुद्धा माझ्याकडे बघायला लागलं.

"मेकॅनिकसाहेब," चष्मेवाला हळूच म्हणाला, "तुम्हीपण बरे झालात?"

"मी बरा झालो नाही," मी उठलो, "तुमचा पडदा बिघडलाय!"

मी जन्मभर रेडिओ दुरुस्त केले. कॉम्प्युटरमधलं मला तेव्हा काडीचं कळत नव्हतं, पण ज्याला मागे वायर आहे त्याला मी भीत नाही. आतून चष्मेवाल्याची बायको आली. ही वहिनी म्हणजे दुकानाचा मेंदू. कॉम्प्युटरबरोबर आलेलं पुस्तक तिने पंधरा वर्षं पिशवीत घालून जपलं होतं. तिने पानं उलटली आणि बोट ठेवलं. "भावोजी, इथे लिहिलंय. शेवटच्या ओळीतला आकडा नऊ मिलिमीटर उंच पाहिजे. पडद्यावर पट्टी लावून बघा."

धाकटीने स्टीलची पट्टी काचेला लावली. "चौदा!"

"म्हणजे?" चष्मेवाल्याने विचारलं.

"म्हणजे तुम्ही दोन महिने लोकांना हत्ती दाखवून मुंगी दिसली म्हणून लिहून देताय!" मी म्हणालो. "या पडद्याला हात कुणी लावला?"

चष्मेवाला एकदम छताकडे बघायला लागला. वहिनीने पुस्तक मिटलं. "अहो. तुम्हीच ना?"

"मी फक्त... ती पडद्यावरच्या चित्रांखालची नावं फार बारीक दिसत होती मला. म्हटलं, जरा मोठी करून घ्यावी."

"चष्मेवाला असून चष्मा लावायची लाज!" वहिनी कडाडली. "स्वतःचं नाक मोकळं ठेवायला अख्ख्या रस्त्याला आंधळं केलंत!"

घड्याळात चार वाजून दहा. मी बाह्या सरसावल्या. पुस्तकात बघून वहिनी सांगत गेली आणि मी करत गेलो. मोकळ्या जागेवर माउसचं उजवं बटण, मग एक यादी, मग एक चौकट, चौकटीत एक सरकणारी खुंटी. एका टोकाला कमी, दुसऱ्या टोकाला जास्त. खुंटी कमीकडे टेकलेली. कमी म्हणजे पडद्यावर सगळं मोठं, जास्त म्हणजे सगळं बारीक. एवढंच! रेडिओचा आवाज वाढवावा तितकं सोपं! मी खुंटी धरली आणि थेट दुसऱ्या टोकाला नेऊन आदळली.

इतकं बारीक त्या म्हाताऱ्या पडद्याला झेपलं नाही, पडदा काळा झाला. काळा म्हणजे कसा, त्यात मला माझे तीन दात दिसले.

"गेला!" चष्मेवाला किंचाळला आणि कीबोर्डवर तुटून पडला. दहा बोटांनी त्याने सगळ्या कळा दाबल्या, मग कोपराने दाबल्या, मग आम्ही त्याला ओढत होतो तेव्हा हनुवटीने दाबल्या. पडदा काळा तो काळाच. बंद करून चालू केला, तरी काळा.

धाकटी दारात जाऊन उभी राहिली. नुसती किल्ल्यांची जुडी एका हातातून दुसऱ्या हातात घेत होती.

"वहिनी, पुस्तक!"

"वाचतेय, भावोजी, वाचतेय! हां! चालू होताना वरच्या रांगेतली आठ नंबरची कळ दाबत राहायचं. मग तो साध्या रूपात उघडतो."

मी कळ अशी दाबली, की टेबल चालायला लागलं. मांजराने उडी मारली. आणि अहो, पडदा उजळला! फिकट, ओबडधोबड, चारी कोपऱ्यांत काहीतरी लिहिलेला, पण उजळला! वहिनीने आणि मी हातावर टाळी दिली. तिथून पुन्हा त्या चौकटीत शिरलो, खुंटी कमीकडे नेली, बंद केला, चालू केला. आकडे परत आले. तेच खोटारडे, चौदा मिलिमीटरचे.

"चार पस्तीस," धाकटी म्हणाली.

"आता बघ!" मी खुंटी पुन्हा धरली. या वेळी टोकाच्या एक घर आधी थांबवली. शहाणपण येतं माणसाला, पण एका वेळी एकच घर.

पडदा पुन्हा काळा.

चष्मेवाल्याचे दोन्ही हात कीबोर्डकडे झेपावले, आणि वहिनी गरजली, "खबरदार!" तिचं बोट पुस्तकातल्या एका ओळीवर होतं. "कुणी कशाला हात लावायचा नाही! हे बघा काय लिहिलंय. नवीन मांडणी ठेवू का, असं तो विचारतो. पंधरा सेकंद वाट बघतो. कुणी हो म्हटलं नाही, तर आपलं आपण पहिल्यासारखं करतो. मघाशी तुम्ही इतक्या कळा बडवल्यात, त्यात होची कळ बसली! तो बिचारा मागे येत होता, आणि तुम्ही त्याला अंधारातून हो, हो म्हणून ओरडलात!"

पंधरा सेकंद काहीही न करणं. तुम्हाला वाटेल, त्यात काय? तुम्ही आमचं दुकान पाहिलेलं नाही. चष्मेवाल्याला मुंगी चढल्यासारखं झालं. त्याने हात काखेत दाबले, तरी बोटं काखेत टायपिंग करत होती. मी माझ्या हातांवर बसलो. वहिनीने मांजराला पदरात गुंडाळलं, कारण त्या जनावराला कीबोर्डवर चालायची खोड. आणि धाकटी मोजायला लागली. सिग्नलला उभी राहून बावीस वर्षं मोजतेय ती, तिचा सेकंद घड्याळापेक्षा खरा.

"एक. दोन. तीन."

चारला मला शिंक आली. मी ती गिळली. ती अजून आत कुठेतरी आहे.

"आठ. नऊ."

"लावू का नुसतं बोट?" चष्मेवाला कळवळला.

"लावून बघा!" वहिनी म्हणाली.

"बारा. तेरा. चौदा. पंध..."

खट्! पडदा उजळला! आकडे जागच्या जागी! चष्मेवाल्याने मलाच मिठी मारली. आम्ही चौघं असे ओरडलो, की समोरच्या पानवाल्याला वाटलं आग लागली, आणि तो बादली घेऊन आला.

मग मात्र मी खुंटीला नवरीसारखं हळू चालवलं. एक घर. थांबलो. धाकटीने पट्टी लावली. "अकरा!" आणखी एक घर. तिने पट्टी लावली, वाकली, पुन्हा लावली. "नऊ! दादा, नऊ! केसभर कमी नाही की जास्त नाही!"

पडद्याने विचारलं, ठेवू का. हो म्हणायचा मान वहिनीला दिला. ती दोन्ही हातांनी दाबून हो म्हणाली.

चार पंचेचाळीस. आता खरी परीक्षा. धाकटी खुर्चीत बसली आणि तिच्या तोंडचं पाणी पळालं. मघाशी शेवटची ओळ वाचताना ती शांत होती, कारण ते खोटं आहे असा तिला संशय होता. आता खरं कळणार होतं.

"हे नाही वाचता आलं, तर आजची शेवटची फेरी होती माझी," ती पुटपुटली.

"वाच तू," मी म्हणालो.

एक डोळा झाकून तिने वाचलं. मोठे आकडे, मधले, बारीक. मग शेवटची ओळ. ती थांबली. एक क्षण. "चार. आठ. तीन. सहा. सात." मग दुसरा डोळा. "नऊ, दोन, पाच, आठ, चार."

बरोबर! सगळे बरोबर! वहिनी नाचली. चष्मेवाला माझा चष्मा नाकावर चढवून पडद्याजवळ गेला आणि एकेक आकडा तपासून आला. तो चष्मा त्याच्या नाकावर इतका फिट बसला, की वर्षभर त्याने परत केला नाही.

"मग पाट्या?" धाकटी उठली. "पाट्या का एकाच्या दोन दिसतात?"

आम्ही सगळे दारात आलो. समोर स्टॉपवर शिडी लावून आमचा पेंटर नवी पाटी रंगवत होता. डेपोने महिनाभरापूर्वी रस्त्यावरच्या सगळ्या पाट्या त्याच्याकडे दिल्या होत्या. चष्मेवाल्याने माझ्या चष्म्यातून पाटीकडे बघितलं आणि मटकन पायरीवर बसला. त्याने सांगितलं, पाटीवर एक मोठा तीन होता. आणि त्या तीनला चिकटून, अर्धा त्याच्यावर चढलेला, आणखी एक तीन.

"काय रे पेंटर," मी हाक मारली, "किती तीन काढलेस?"

"नंबर एकच!" तो शिडीवरून अभिमानाने ओरडला. "दिसतात दोन, तर मी काढले दोन! जसं दिसतं तसं काढतो मी. आणि माझ्या दिसण्याला नावं ठेवायची नाहीत, दादा. दृष्टी उत्तम! कागद आहे खिशात!"

कागद सगळ्यांच्याच खिशात होता. म्हणून तर अख्खा रस्ता महिनाभर त्या पाट्यांपुढे गप्प उभा होता. पाटी डबल दिसते असं कोण म्हणणार? ज्याने त्याने मनातल्या मनात आपल्या डोळ्यांना दोष दिला आणि येईल त्या बसमध्ये चढला. न्हावी तर दोनदा डेपोत मुक्कामाला पोचला होता.

धाकटी हसायला लागली. इतकी हसली, की गणवेशाचं बटण तुटलं. मग घड्याळाकडे बघून हसणं अर्ध्यावर टाकलं, चष्मेवाल्याच्या हातून दाखला ओढला आणि जी पळाली! मी तिच्या मागे. माझ्या एका पायात तिची चप्पल, तिच्या एका पायात माझी, त्यामुळे आम्ही दोघं सारखेच लंगडत होतो. डेपोच्या खिडकीतला कारकून पावणेदोन मिनिटं आधीच शटर खाली ओढत होता. धाकटीने त्या फटीतून हात घातला, कोपरापर्यंत, आणि कागद आपटला.

कारकुनाने वाचलं. शिक्का पाहिला. मग डोळे बारीक करून तिच्याकडे पाहिलं आणि म्हणाला, "बाई, तुम्ही दोघी जुळ्या आहात का?"

"उद्या सकाळी पहिल्या फेरीला या," धाकटी म्हणाली. "चष्मेवाल्याच्या दारात उतरवते तुम्हाला."

दुसऱ्या दिवशी सकाळी तीन नंबर भरून गेली. न्हावी, शिंपीण, कारकून, आणि शिडी टपावर बांधून पेंटर. स्टिअरिंगवर धाकटी. दुकानापुढे तिने गाडी उभी केली, इंजिन बंद केलं आणि मागे वळून म्हणाली, "सगळ्यांनी उतरायचं. एकेक करून. आणि आत गेल्यावर कीबोर्डला कुणी हात लावायचा नाही."