पाठीतून काढलेला खडा

सभागृहात मुंगीला शिरायला जागा नव्हती. स्टेजवर पालथी निजवली होती वहिनी, ब्लाउज शिवणारी, तीन महिन्यांच्या पाठदुखीने वाकलेली. चालताना पायही लटपटायचे. नुसत्या हाताने रोग काढतो म्हणवणाऱ्या हातवाल्याने बाह्या सारल्या.

"सुरी नाही, टाका नाही! डॉक्टर फोटो काढतात, मी रोग काढतो!"

टाळ्या पडल्या. त्याने पाठ मळली, मळली, आणि बोटांतून लालभडक रसात माखलेला काळा खडा वर धरला. पाठीवर ओरखडासुद्धा नाही!

"मणक्यात बसला होता चोर! आता ही पुडी रोज पाण्यातून."

तिसऱ्या दिवशी वहिनी ताठ चालत मशीनवर बसली. नणंदेला रडू फुटलं. तिनेच वहिनीला तिथे नेलं होतं, हाडांच्या डॉक्टरांनी दिलेली एमआरआयची तारीख चुकवून.

वहिनीचं तोंड गोल गरगरीत झालं. शेजारणी म्हणाल्या, "अंगी लागलं हो!" पण दंड काडीसारखे, आणि तहान काही केल्या भागेना. तीन आठवड्यांनी एका सकाळी पाय हलेनात.

"अगं, पाय माझे वाटतच नाहीयेत."

नणंदेने तिला हॉस्पिटलात आणलं. डॉक्टरीणबाईंनी पाय तपासले, पाठ चाचपली. "आधी काही मोठा आजार?"

वहिनीने पदर सावरला. मग नणंद पुटपुटली, "पाच वर्षांपूर्वी छातीतली गाठ काढली होती. कॅन्सरची."

"हे हाडांच्या डॉक्टरांना सांगितलं नाहीत?"

"पाठीच्या दुखण्यात छातीचं कशाला?" वहिनीने मान खाली घातली. "आणि ते पुरुष माणूस."

एमआरआयमध्ये दिसलं: तोच आजार मणक्यात उतरलेला वाटत होता. हाड खचून मज्जारज्जू दाबला गेला होता.

नणंदेने हातवाल्याची सगळी हकिगत सांगितली. "आणि तो खडा?"

"खडा त्याच्या बोटांच्या बेचक्यात होता, रंगात भिजवलेल्या कापसात. कातडी न फाटता आतलं बाहेर कसं येईल?"

"पण ती चालली! मी या डोळ्यांनी पाहिलं!"

"चालली असेल. ती पुडी आणा."

पुडीत निघालं स्टिरॉइड, कुटून राखेत मिसळलेलं. "याने मज्जारज्जूभोवतीची सूज उतरते, म्हणून पाय चालले," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "यानेच तोंड सुजलं, साखर चढली. आम्हीही आज हेच देणार आहोत, पण मोजून, ऑपरेशनपर्यंत. आत हाड खचत राहिलं. त्याने आमचं औषध चोरलं, आणि तुमचे तीन आठवडे."

ऑपरेशन पाच तास चाललं. दाबणारं हाड काढलं, स्क्रू आणि सळ्यांनी मणका सावरला. काढलेला तुकडा तपासला, तर छातीचाच कॅन्सर. पुढे रेडिएशन होतं, गोळ्या होत्या.

"बरी होईल ना?"

"आजार पुरता जाणार नाही. आटोक्यात ठेवू. उजव्या पायात जीव येतोय. डाव्याचं आज सांगता येत नाही."

नणंद पायथ्याशी बसून राहिली. उजवा अंगठा हलला. डावा, सांगून सांगूनही, नाही.

शेजारच्या खाटेवरच्या म्हातारीचा मुलगा जवळ आला. "ताई, तुमचं बोलणं कानावर आलं. आईचीही पाठ दुखते हो. तो हातवाला कुठे बसतो?"

नणंदेने वहिनीचं गार डावं पाऊल ओंजळीत घेतलं.

"दादा, हे पाऊल माझ्या भोळेपणाने गेलं. त्याने बरं वाटतं, खोटं नाही. पण बरं वाटणं म्हणजे बरं होणं नव्हे. पुडीत काय आहे हे जो सांगत नाही, त्याच्या हातचं काही घेऊ नका. आणि आईला कधी काय झालं होतं, ते सगळं डॉक्टरांना सांगा. लाजू नका."

त्याने आईच्या खाटेकडे वळून पाहिलं. मग म्हणाला, "एमआरआय कुठल्या मजल्यावर काढतात?"