तीन सह्या, एक टेबल

आमच्या नगरपालिकेत नियम मोठा कडक. ज्यानं माल मागायचा त्यानं विकत घ्यायचा नाही, ज्यानं विकत घ्यायचा त्यानं तपासायचा नाही. तीन माणसं, तीन खोल्या, तीन सह्या. अग्निशमन विभागासाठी मागणी आमचे हे करतात, खरेदी माझा धाकटा भाऊ करतो आणि आलेला माल मी तपासायची. लेखापरीक्षकांनी आमचं कौतुक केलं होतं. भाऊ-भावजय आमच्याच वरच्या मजल्यावर राहतात आणि संध्याकाळी सगळे एका टेबलाशी जेवतो, हे त्यांनी विचारलं नाही.

ते टेबलही पालिकेला माल पुरवणाऱ्या ठेकेदारानं दिलेलं. भावाच्या लग्नाच्या सुमारास आलं, म्हणून घरात त्याला आहेर म्हणतात.

तपासणी म्हणजे आमच्याकडे खोकी मोजणं. खोकं उघडलं तर घरच्या माणसावर संशय घेतल्यासारखं होतं. या वेळी आग विझवायचे पाइप आले होते. एका खोक्याची पट्टी सुटली होती म्हणून नीट लावायला हात घातला, तर पाइपच्या रबरानं बोटं काळी झाली. मी एक पाइप ओढून बाहेर काढला आणि आवारातल्या माळ्याकडे गेले.

"मामा, हा जरा तुमच्या नळाला लावा."

नळ सोडला आणि पाइप मधोमध उसवला. बागेतल्या नळाचा जोर तो काय! माळी चिंब भिजला. चष्मा पुसत म्हणाला, "बाई, यानं आग विझवायची? माझी झाडं जगायची नाहीत यावर!"

मला किळस आली. मागून पाणी येईल या भरवशावर कुणीतरी धुरात शिरणार होता, आणि त्याच्या हातात आम्ही हे देणार होतो. मी सगळा माल नापास केला. पाइपचा एक तुकडा कापून पिशवीत टाकला.

संध्याकाळी भाऊ जेवता जेवता भडकला. "ताई, तुला उघडायला कुणी सांगितलं होतं? मोजायचं आणि सही ठोकायची."

"आग लागल्यावर त्यांनीही मोजत बसायचं का?"

हे समजुतीच्या सुरात म्हणाले, "अगं, आपलेच दात, आपलेच ओठ. झाकली मूठ सव्वा लाखाची. उद्या नापासचा शेरा मागे घे."

"नाही घेणार. जाळात जाणारी माणसं आहेत ती."

भाऊ हसला. "दमलीस तू, ताई. जरा हलकं काम घे."

हलकं काम लगेच मिळालं. मला जन्म-मृत्यू नोंदणीत बसवलं आणि माझ्या खुर्चीवर करवसुलीतली भावजय आली. नियम कुठेच मोडला नाही. मागणारा वेगळा, घेणारा वेगळा, तपासणारी वेगळी. कुंपणानं शेत खायचं, तेही शिस्तीत. तिनं पहिल्याच दिवशी खोकी मोजली आणि माल पास केला. दुसऱ्या सकाळी तो अग्निशमन केंद्रावर जाणार होता.

त्या संध्याकाळी मी पिशवीतला तुकडा टेबलावर ठेवला. भावजय स्वयंपाकघरातून कढत भांडं घेऊन येत होती.

"हे बघ तरी. नुसतं हातानं ओढून बघ."

"बरं झालं आणलंत, वन्सं," ती म्हणाली. कोपरानं तुकडा स्वतःपुढे सरकवला आणि त्यावर भांडं ठेवलं. "टेबलाला डाग पडला असता."

भावानं वाढून घेतलं. हे म्हणाले, "बस ना, निवतंय सगळं." भांड्याखालून जळक्या रबराचा वास सुटला, पण कुणी नाकही मुरडलं नाही. याच माणसांसोबत मी रोज जेवत होते.

मी पदरानं भांडं उचलून टेबलावर आदळलं, तुकडा घेतला आणि अग्निशमन केंद्राकडे निघाले. दारात चपला घालत होते, तेव्हा मागून भावजय किंचाळली.

"अगं बाई, टेबल!"