ब्रदर डेल्मरचं बोट

आर्डिस लुंडक्विस्टच्या दिवाणखान्यात आम्ही चौदा शेजारी टोप्या काढून बसलो होतो. समोर भिंतीतली गॅसची शेकोटी. प्रार्थनेने चमत्कार करणारे म्हणून नावाजलेल्या ब्रदर डेल्मरनी तिचं खालचं झाकण उघडलं, एक हात आत घातला, दुसरा छताकडे नेला आणि प्रार्थना सुरू केली. आत टिक् झालं, बोटभर निळी ज्योत उठली. मिनिटभराने प्रार्थना संपली, हात बाहेर आला, ज्योत तशीच. बायकांनी डोळे पुसले.

या छोट्या ज्योतीवरूनच सगळी शेकोटी पेटते. दर हिवाळ्यात ती आर्डिसचा नवरा लावायचा. तो वसंतात वारला. आता आर्डिसने लावली की ती उठायची आणि लगेच विझायची. नवऱ्याचा आत्मा रुसलाय, असं निदान ब्रदरनी केलं. पहिल्यांदा त्यांनी ज्योत टिकवून दाखवली. पुढे ती वाऱ्याने विझली, तर खापर आर्डिसच्या संशयावर फुटलं. श्रद्धा आणि औषध एका पोटात नांदत नाहीत, असंही त्यांनी सांगितलं. तिने हृदयाच्या गोळ्या सोडल्या. पाय सुजले, जिना चढताना धाप लागू लागली. ब्रदर म्हणाले, पाप बाहेर पडतंय. पाप घोट्यांतून पडतं हे मला नवीन होतं. तरी मी मान डोलावली.

त्या दुपारी ही प्रार्थना चालू असतानाच तिची भाची नोरा आली. डुलुथ शहरातल्या निम्म्या घरांना ऊब देणाऱ्या भट्ट्या तीच दुरुस्त करते. मावशीचे पाय बघून तिचा चेहरा उतरला. तिने ज्योत बंद केली, साचलेला गॅस जायला पाच मिनिटं थांबली आणि ब्रदरना पुन्हा बसवलं.

"प्रार्थना नेहमीचीच म्हणा. फक्त ज्योत लागल्याबरोबर आतल्या बटणावरचं बोट उचला."

"देवाला अटी घालू नयेत, बाई."

"अट देवाला नाही, बोटाला आहे."

चौदा जण बघत होते. ब्रदरनी बोट उचललं, ज्योत विझली. मग ते घसा बसेपर्यंत प्रार्थना करत राहिले. ज्योतीला ऐकू आलं नाही.

पुन्हा पाच मिनिटं थांबून नोराने मावशीला खाली बसवलं. बटण दाबून धर आणि बटाट्याच्या हॉटडिशची, म्हणजे ओव्हनमधल्या थरांच्या जेवणाची, कृती सांग, म्हणाली. आर्डिसने तोंडानेच खिमा परतला, कांदा घातला, मशरूमचं सूप ओतलं. बटाटे रचून होईस्तोवर मिनिट झालं. "सोड आता." तिने बोट सोडलं. ज्योत टिकली.

नोराने सांगितलं, ज्योतीत धातूची एक कांडी असते. ती तापली की किंचित वीज तयार होते आणि गॅसची झडप उघडी राहते. तापायला मिनिटभर लागतं. तोवर झडप बोटानेच धरायची. ब्रदरची प्रार्थना नेमकी तेवढीच लांब होती.

आम्ही वळून खिडकीतून पाहिलं, तर ब्रदर कोट घालून फाटकापाशी पोचलेले.

आर्डिस जमिनीवरच बसून राहिली. "मला वाटलं, नवरा माझ्यावर रागावून गेला," एवढंच म्हणाली. नोरा तिला तशीच डॉक्टरकडे घेऊन गेली. गोळ्या पुन्हा सुरू झाल्या, पंधरवड्यात सूज उतरली.

आम्हा चौदांपैकी एकाने जरी आधी विचारलं असतं, "हे कसं होतं?", तर ती बाई मरणाच्या दारापर्यंत गेली नसती. भाबडे दिसायला आम्हाला लाज वाटली नाही, प्रश्न विचारायला वाटली. तुम्ही विचारा. आणि डॉक्टरने दिलेली गोळी कुठल्याही महाराजाच्या शब्दावर सोडू नका.