यंत्र उत्तम चालू

मी लेथ. लोखंड फिरवून त्याला आकार देणारं यंत्र. निदान माझ्या पाटीवर तसं लिहिलंय. मी स्वतः अजून काडीचंही काम केलेलं नाही.

मागास भागाचा विकास म्हणून सरकारनं मला या तंत्रशाळेत धाडलं. मला थ्री-फेज वीज लागते. इथं जेमतेम ट्यूबलाइटपुरती येते. पाठवणाऱ्यांना हे ठाऊकच नव्हतं? मला शंका आहे. शहरातल्या तंत्रशाळेत माझे चौदा भाऊ तीन पाळ्यांत राबतात. त्यांची लाइन टाकायला बरं कुणी विसरलं नाही.

मोठ्या सरांनी तोडगा काढला. दर वर्षी तपासणीआधी ते शहरातून एक आयता बोल्ट आणत, माझ्या जबड्यात अडकवत आणि खाली लोखंडाचा कीस पसरत. साहेब येत, कीस बघत, चहा पीत आणि ‘यंत्र उत्तम चालू’ असा शेरा मारून जात. यंत्र चालूच आहे म्हटल्यावर वरचे लोक विजेची फाइल बंद करणार नाहीत तर काय? सर मात्र शाळेची अब्रू राखल्याच्या तोऱ्यात फिरत.

यंदा वर्गात एक मुलगी आली, वडिलांशी भांडून. रोज मला तेल घालायची, माझी चाकं हातानं फिरवून बघायची. परीक्षा चार महिन्यांवर आली, तरी तिनं लोखंडावर एकही आटा पाडलेला नव्हता.

तपासणीत साहेबांनी बोल्ट उचलून विचारलं, कुणी केला? सरांनी तिच्याकडे बोट दाखवलं.

‘मी नाही केला,’ ती म्हणाली. ‘विकत आणलाय. मशीन एकदाही चाललेलं नाही. आम्हाला लाइन द्या.’

सरांचा चेहरा उतरला. साहेबांनी मान डोलावत सगळं लिहून घेतलं. तेव्हाच माझ्या मनात पाल चुकचुकली. महिन्याभरात लाइन नाही, ट्रक आला. सोबत कागद: यंत्र विनावापर पडून आहे, सबब शहरात हलवावे.

‘गप्प बसली असतीस तर मशीन तरी राहिलं असतं,’ सर म्हणाले.

‘शोभेला?’

मला दोरखंडांनी बांधलं. ती बोचकं घेऊन माझ्याशेजारी चढून बसली. तिथं तिला प्रवेश मिळेल का, कुणास ठाऊक. पंधराव्या भावाला, म्हणजे मला तरी जागा ठेवली असेल का, याचाही मला भरवसा नाही.

फाटकाशी सरांनी विचारलं, ‘परत कधी येशील?’

‘लाइन आली की कळवा, सर.’

ट्रक हलला. येतो मंडळी. फक्त एवढं बघून ठेवा, सरांनी तिचा फोन नंबर मागून घेतला नाही.