शेवटचा नंबर

घर इतकं गप्प होतं की फ्रिजची घरघरही ऐकू येत होती, आणि त्या गप्पपणात ओट्यावरचा टायमर एकदम ‘टर्रर्र’ करून किंचाळला.

“चला, झाली वेळ. उठा!” नंबरताईनं खुर्चीवरच्या कापसाच्या अस्वलाला सांगितलं.

अस्वल काही उठलं नाही.

“आई, त्यानं अजून केक नाही खाल्ला,” भिंगरीनं त्याची बाजू घेतली.

“केक डब्यात घालून द्यायचा. घरी जाऊन खाईल. इथे मास्क काढायचा नाही. पुढचा कोण?”

पुढची होती एका कानाची सशाची बाहुली. तिच्या नाकावर बाटलीचं झाकण रबरानं बांधलेलं होतं.

आतल्या खोलीतून नवऱ्यानं डोकं बाहेर काढलं. तो दिवसभर कानाला हेडफोन लावून लोकांच्या तक्रारी ऐकायचा. “वाढदिवसाची तालीम आहे का डोळ्यांची तपासणी?” त्यानं विचारलं.

“तुम्ही तुमचं काम करा.”

“मला नंबर मिळेल का? मी घरातलाच आहे.”

“घरातल्यांना नंबर लागत नाही,” ती म्हणाली. हे वाक्य पुढे तिला किती टोचणार आहे, याची तेव्हा तिला काय कल्पना!

तिचं खरं नाव दवाखान्यात कुणाच्या लक्षात राहत नसे. डोळ्यांच्या डॉक्टरांकडे दाराशी टेबल टाकून ती सात वर्षं बसत होती. वही, पेन, आणि समोर पेशंटची रांग. ‘ताई, नुसतं दाखवायचंय, दोन मिनिटं,’ म्हणत घुसणारे तिनं शेकड्यांनी परतवले होते. वेळेआधी तासभर येऊन उसासे टाकत बसणारे म्हातारे तर तिच्या खास ओळखीचे. ‘लवकर आलात म्हणून लवकर सोडणार नाही हं,’ हे ती इतक्या गोड आवाजात सांगायची की माणूस रागवायचंच विसरायचा. लोक तिला नंबरताई म्हणायचे, आणि तिला ते आवडायचं.

तर या नंबरताईच्या लेकीला येत्या रविवारी सहा वर्षं पूर्ण होणार होती. बाहेर हाडं गोठवणारी थंडी, आणि त्याहून वाईट ती साथ. शाळा नऊ महिने बंद. भिंगरीला मैत्रिणी दिसायच्या त्या पडद्यावरच्या चौकोनांत. एकदा ती बाबाला म्हणाली होती, “बाबा, माझ्या मैत्रिणींना पाय आहेत ना अजून?” तो हसला होता. नंबरताई मोरीत जाऊन नळ सोडून उभी राहिली होती.

त्याच दिवशी तिनं ठरवलं, वाढदिवस करायचा. पण करायचा तो दवाखान्यासारखा. एका वेळी एकच मूल. दहा मिनिटं आत, मग दहा मिनिटं सगळ्या खिडक्या उघड्या, खुर्ची पुसायची, दाराची कडी पुसायची, की पुढचा नंबर. मेणबत्ती फुंकायची नाही, वहीनं वारा घालून विझवायची. तिनं वहीत पान आखलं. चार वाजता चष्मेवाली. चार वीसला वरच्या मजल्यावरचा ढोल्या. मग जुळ्या बहिणी, त्यांना मिळून एक नंबर. असे सहा नंबर. आणि सर्वांत शेवटी, अर्धा तास खिडक्या सताड उघड्या ठेवून घर स्वच्छ झाल्यावर, साडेसहाला, आजोबा.

आजोबा म्हणजे तिचे वडील. दोन स्टॉप पलीकडे एकटे राहत. चौतीस वर्षं बसमध्ये कंडक्टर होते. छातीचं दुखणं जुनं, म्हणून नऊ महिन्यांत तिनं त्यांना उंबरठ्याच्या आत येऊ दिलं नव्हतं. भिंगरी जन्मली त्या वर्षी त्यांनी जाड पुठ्ठ्याचा एक पास तयार केला होता, अठरा घरांचा. “अठरा झाली की तिचं ती तिकीट काढेल,” असं म्हणून. दर वाढदिवसाला ते आपला जुना, तिकिटाला भोक पाडायचा चिमटा खिशातून काढत, “पास दाखवा!” म्हणून दरडावत, आणि एका घरात टक्कन भोक पाडत. भोक गोल नव्हतं, लहानशा पानासारखं होतं. पाच पानं झाली होती. सहाव्या घरासाठी भिंगरीनं पास आठवडाभर आधीच उशीखाली घेतला होता. मैत्रिणी आल्या नसत्या तरी तिचं चाललं असतं, पण पास राहून चालणार नव्हता.

नंबरताईनं फोन केला तेव्हा वडील हसले. “शेवटचा नंबर? अगं, माझ्यावरच का राग?”

“राग कसला, बाबा? बाकीच्यांना दहा मिनिटं, तुम्हाला हवा तेवढा वेळ. तुमच्यामागे कुणी नाही. निवांत बसा.”

“म्हणजे शेवटच्या स्टॉपचा प्रवासी. बरं आहे, कुणी उतरा म्हणत नाही.”

“आणि वेळेवर या. लवकर नको.”

“बरं, मॅडम.”

रविवारी चारला पाच मिनिटं कमी असताना तिनं खिडकी उघडली, आणि समोरच्या बसस्टॉपवर तिला तपकिरी कानटोपी दिसली. तीन बाजूंनी काच लावलेल्या त्या आडोशात, बाकावर, वडील बसले होते. मांडीवर हात, जसे पेशंट बसतात तसे.

तिनं फोन लावला. “बाबा! साडेसहा सांगितलं होतं ना?”

“अगं, बस कधी वेळेवर येते? म्हणून लवकर निघालो. आज मेली नेमकी वेळेवर आली.”

“मग घरी जाऊन परत या.”

“आता कुठे येरझारा घालू? बसतो इथेच. वाराही लागत नाही. माझी काळजी करू नकोस, माझं आयुष्य गेलंय स्टॉपवर.”

क्षणभर तिच्या मनात आलं, यांनाच आधी घ्यावं. आताच. घर स्वच्छ आहे, अजून कुणी आलेलं नाही. पण जिन्यात चष्मेवालीची पावलं वाजली. आणि सात वर्षांत तिनं वहीतला क्रम कधी मोडला नव्हता. एकाला आधी घेतलं की सगळं विस्कटतं, हे तिच्याइतकं कुणाला ठाऊक?

“फोन करीन तेव्हाच वर या हं,” ती म्हणाली.

त्यांनी खालून हात वर केला. गाडी थांबवायला करतात तसा नाही, जाऊ द्या म्हणायला करतात तसा.

पार्टी छान झाली, हे कबूल करायला हवं. चष्मेवालीनं आणि भिंगरीनं पहिली पाच मिनिटं एकमेकींकडे नुसतं पाहिलं, आणि मग दोघी एकदम बोलायला लागल्या त्या टायमर वाजला तरी थांबेनात. ढोल्यानं केकचा डबा छातीशी धरून विचारलं, “काकू, मला दोन नंबर नाही का मिळणार?” जुळ्या रडल्या, मग खिदळल्या, मग जायलाच तयार होईनात. एकीला बाहेर काढलं की दुसरी आत. एका मुलाची आई अर्धा तास उशिरा आली, वर म्हणाली, “तुमच्याकडे म्हणे दवाखान्यासारखं आहे? मग उशीर चालतच असेल.” नंबरताई हसली, कडी पुसली, खिडक्या उघडल्या. बोटं गारठून लाल झाली होती. दर वेळी खिडकी उघडली की खाली तपकिरी टोपी होती. कधी शेजारी पिशवीवाली बाई, कधी दोघंतिघं दाटीवाटीनं, थंडीमुळे सगळेच आडोशाच्या आत. एकदा एक माणूस मास्क हनुवटीवर ओढून त्यांना काहीतरी हसून सांगत होता, आणि वडील मान डोलावत होते. त्यांना कुणाशीही बोलता यायचं. तिला वाटलं, बरं झालं, वेळ जातोय त्यांचा.

साडेसहाचे सात वीस झाले. अर्धा तास हवा खेळवून तिनं खिडक्या लावल्या, फोन केला, आणि वळून पाहिलं तर भिंगरी कागदी मुकुटासकट पलंगावर आडवी. हातात पास.

वडील दोन जिने थांबत थांबत चढून आले. दारात उभे राहिले. उंबरठ्याबाहेरच.

“या ना, बाबा. उठवते तिला.”

“नको.” त्यांनी दारातूनच पलंगाकडे पाहिलं, बराच वेळ. “झोपलेल्या प्रवाशाला त्याचा स्टॉप येईपर्यंत उठवायचं नसतं.”

“असं काय करता? साडेतीन तास बसलात. ती वाट पाहत होती.”

“तिनं खेळून खेळून डोळे मिटलेत. नऊ महिन्यांनी. राहू दे.”

“मग आत तरी या. चहा टाकते.”

“हल्ली शेवटची गाडी लवकर सुटते, चुकेल.” त्यांनी खिशातून चिमटा काढला, हातात जोखला, परत ठेवला. “हे तिच्या देखतच व्हायला हवं. मला पुढचा नंबर दे झालं.”

तिनं वही उघडली. खरं तर तिला वही फेकून त्यांचा हात धरावासा वाटत होता. पण हात धरायचा नाही, हा नियम तिचाच होता. “पुढच्या रविवारी चारला,” ती म्हणाली. “पहिला नंबर.”

“लिहून ठेव. नाहीतर विसरशील.”

तिनं लिहिलं. ते उतरले. एका पायरीवर खोकले, तेव्हा तिला वाटलं, थंडीनं असेल.

गुरुवारी ताप आला. रविवारी चार वाजता ते अशा ठिकाणी होते जिथे भेटायला कुणाचाच नंबर लागत नव्हता. त्यानंतर आठ दिवस गेले. मग एका बंद पिशवीत कानटोपी, चष्मा आणि चिमटा घरी आला.

घरात कुणी कुणाला दोष दिला नाही. नवरा म्हणाला, “कुठून आलं, कोण सांगणार? दुकानातून, बसमधून, कुठूनही.” खरंच होतं ते. तिच्या घरात आलेलं एकही मूल, एकही आई आजारी पडली नाही. तिची व्यवस्था चोख होती. फक्त त्या व्यवस्थेत त्या काचेच्या आडोशाला जागा नव्हती. वही नीट आखणाऱ्या बाईनं वहीबाहेर एक माणूस साडेतीन तास बसवून ठेवला होता.

वहीचं ते पान तिनं फाडलं नाही. रोज उघडायची, बंद करायची.

थंडी ओसरू लागली होती तेव्हाची एक दुपार. ती भांडी आवरत होती. ‘टर्रर्र’ आवाज झाला आणि तिच्या हातातलं झाकण निसटलं. ती बाहेरच्या खोलीत आली. भिंगरीनं खुर्च्या ओळीनं मांडल्या होत्या. अस्वल, एका कानाची ससुली, मागे लाकडी घोडा. पार्टी चालली होती. पहिल्या खुर्चीवर कुणी नव्हतं, नुसती तपकिरी कानटोपी होती. तिच्यासमोर पास, आणि पासावर चिमटा, सहाव्या घराला जेमतेम टेकलेला. दाबलेला नव्हता.

“तू दाबलास?” तिनं विचारलं.

“मी कशी दाबणार? ते आजोबांचं काम आहे.” भिंगरीनं टोपी जरा सरळ केली. “ते लवकर येतात ना, म्हणून मी त्यांनाच आधी घेतलं. बाकीचे थांबतील. अस्वलाला काही वाटत नाही.”

नंबरताई खाली बसली, जमिनीवरच. भिंगरी टायमरला चावी देता देता थांबली आणि तिच्याकडे बघत राहिली, रागानं नाही, नुसतं समजून घ्यायला.

“आई, तुला खिडकीतून आजोबा दिसत होते ना? मग तू त्यांना का नाही आधी घेतलंस?”