अर्धवट अपडेट

फोरमवरचं पहिलं उत्तर वाचूनच ठिणगीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. रविवारी सकाळी उठल्या उठल्या, तोंडही न धुता, तिने सगळा प्रकार नीट लिहून टाकला होता. वडिलांच्या घशाचं ऑपरेशन झालंय, स्वरयंत्र काढलंय, ते टाइप करतात आणि संगणक त्यांच्या वतीने बोलतो, कालपासून तो बोलेनासा झालाय, कृपया मदत करा. त्यावर एकाने लिहिलं होतं, आधी विकीवरची माहिती वाचून या. दुसऱ्याने त्याला अंगठा दिला होता. तिसऱ्याने तिने टाकलेला पडद्याचा फोटो पाहून ऐकवलं होतं की फोटो टाकू नका, मजकूर चिकटवा, इथे कुणी भिंग घेऊन बसलेलं नाही.

"भिंग घेऊनच बसलायत सगळे," ती लॅपटॉपला म्हणाली, आणि मजकूर चिकटवायला लागली. करते काय? गरज तिला होती.

खरं म्हणजे हे दुखणं तिने हौसेने घरात आणलं होतं. चारचौघांच्या संगणकावर कधीतरी एखादी नवी आवृत्ती येते आणि मग बराच काळ शांतता असते. ठिणगीच्या संगणकांवर लिनक्स होतं, आणि त्याला आवृत्ती नावाचा प्रकारच नव्हता. ते सतत थोडं थोडं बदलत राहायचं, जगात आज जे नवं निघालं ते उद्या हिच्या घरात. तिला त्याचा कोण अभिमान. नियम मात्र कडक होता: अपडेट करायचं तर सगळ्याचं एकदम, नाहीतर कशाचंच नाही. मध्येच एखादा एकटा प्रोग्रॅम बसवला, की तो स्वतःसाठी नवे भाग ओढून आणतो आणि त्याच भागांवर उभ्या असलेल्या जुन्या प्रोग्रॅमांच्या पायाखालची जमीन काढून घेतो. ते लगेच कळतही नाही, संगणक बंद करून परत लावला की जुने प्रोग्रॅम कोसळतात. फोरमवर याला अर्धवट अपडेट म्हणत, आणि ते करणाऱ्याला तिथे माणसात धरत नसत.

असल्या संगणकात तिने बाबांचा आवाज ठेवला होता. बाबा भाजीच्या घाऊक बाजारात लिलाव पुकारायचे. सारा जन्म त्या घशावर काढलेला, बाजारात त्यांना भोंगा म्हणूनच ओळखत. स्वरयंत्र काढावं लागणार असं डॉक्टरांनी सांगितलं तेव्हा ते डॉक्टरांवर, नर्सवर, बाजारावर आणि देवावर एकदमच चिडले. त्याच दिवसांत ठिणगीने त्यांना माइकसमोर बसवून वाक्यं वाचून घेतली, आणि बाबांनी ती शब्दाशब्दाला दात-ओठ खात वाचली. त्या वाक्यांपासून बनलेला आवाजही मग तसाच निघाला. बाबांनी "चहा दे" टाइप केलं तरी धमकी दिल्यासारखं वाटायचं. शेजारीण म्हणायची, तुमच्याकडे दिवसभर भांडण चालू असतं. तिचं फारसं चुकत नव्हतं.

दवाखान्याने लिहून दाखवायला पाटी दिली होती. ती बाबांनी पहिल्याच दिवशी भिरकावली. माणसाने बोलायचं असतं, लिहून दाखवायचं नसतं, हा त्यांचा हेका. मशीन बोलतं म्हणून टाइप करणं त्यांना चालायचं. पण त्यातलं वाक्य अर्धवट गिळलं गेलं तर ते घर डोक्यावर घ्यायचे. म्हणून ठिणगीने सोय करून ठेवली होती, की टाइप केलेली ओळ रांगेत जाऊन थांबते आणि पूर्ण बोलून झाल्याशिवाय रांगेतून हटत नाही. संगणक मध्येच बंद पडला तरी नाही. ही सोय करून तिला बरेच महिने झाले होते आणि आता ती तिच्या ध्यानीमनीही नव्हती.

फोरमवर गंजका खिळा नावाचा एक जण उगवला. हा तिथला जुना, कुणाचीही भीडभाड न ठेवणारा. त्याने तिला दोन-तीन आज्ञा चालवायला लावल्या, आलेला मजकूर पाहिला आणि लिहिलं, "तुझा आवाजाचा प्रोग्रॅम जुना भाग शोधतोय आणि तिथे नवा बसलाय. अर्धवट अपडेट कोणी केलं?"

"कोणी नाही," ठिणगीने लिहिलं. "मी तसलं काही करत नाही."

"मग घरात आणखी कोण आहे?"

"वडील. त्यांना फक्त टाइप करता येतं."

"त्यांना विचारलंस?"

तिने इतक्या जोरात बटणं बडवली की लॅपटॉप टेबलावर सरकला. "ते बोलू शकत नाहीत, म्हणूनच मी इथे तोंड वेंगाडत आलेय. वाचता येतं ना तुम्हाला?" याच्यापुढे तिने आणखी बरंच काही लिहिलं होतं. ते पहारेकरी नावाच्या व्यवस्थापकाने छाटून टाकलं आणि खाली समज दिली. गंजका खिळा शांतच होता. तो म्हणाला, परवापासूनचा सगळा लॉग, म्हणजे मशीनने ठेवलेल्या नोंदी, टाक, कोणी काय केलं ते आपोआप दिसेल.

लॉग ती टाकणार नव्हती. त्यात शुक्रवारी संध्याकाळी मशीन कसं बंद झालं तेही दिसलं असतं.

शुक्रवारी असं झालं होतं. ठिणगी लिफ्टच्या कारखान्यात ड्रॉइंगं काढायची. कारखाना दुसऱ्या शहरात नवा विभाग उघडत होता आणि तिथल्या ड्रॉइंग खात्याची प्रमुख म्हणून तिला विचारलं होतं. ती नाही म्हणणार होती, सोमवारी कळवायचं होतं, आणि बाबांना यातलं काही कळू द्यायचं नव्हतं. पण तिच्या एका सहकाऱ्याच्या तोंडात तीळ भिजत नाही. तो दुपारी बाबांना भेटायला आला आणि त्यांचं अभिनंदन करून, वर ती नाही म्हणतेय हेही सांगून गेला. संध्याकाळी ती घरात शिरली तेव्हा बाबा कीबोर्डपुढे बाह्या सरसावून बसले होते. तिने चप्पल काढायच्या आत मशीनने तोफ डागली. मला न विचारता नाही म्हणणारी तू कोण, तुझ्या नकाराचं खापर माझ्या माथी फोडू नकोस, मी काय तुझ्या गळ्यातली धोंड आहे का. तीही काही ऐकून घेणाऱ्यातली नव्हती. रागात बापावर गेली होती.

"मी गेले तर हे मशीन कोण सांभाळणार?" ती म्हणाली. "बंद पडलं तर हाक कुणाला मारणार तुम्ही? आणि कशाने?"

शेवटचा शब्द तोंडातून गेला तेव्हाच तिला कळलं होतं की हे बोलायला नको होतं. बाबांनी तिच्याकडे पाहिलं आणि टाइप करायला लागले. मशीन बोलू लागलं, "मशीनचं मी..." आणि तिने हात लांब करून बटण दाबलं. दाबून धरलं. पडदा काळा झाला. ती "पुरे" म्हणाली आणि आपल्या खोलीत निघून गेली.

म्हातारा माणूस, त्याला आवाज नाही, त्याच्या अर्ध्या वाक्यावर तिने बटण दाबलं होतं. शनिवारी सकाळी तिने मशीन परत लावलं. सगळं सुरू झालं, आवाज तेवढा नाही. तेव्हापासून तिला एकच वाटत होतं, की आपण ते तसं बंद केलं म्हणूनच हे झालं, आणि ही गोष्ट गंजक्या खिळ्याला काय, मेल्यावर देवालाही सांगायची तिची तयारी नव्हती. तिने लॉगमधल्या आवाजाच्या तेवढ्या ओळी कापून फोरमवर टाकल्या. बाकीचा तिने स्वतःही वाचला नाही.

"अर्धा लॉग," गंजका खिळा म्हणाला. "घरातली सवयच दिसतेय."

बाहेरच्या खोलीतून कीबोर्डची खटखट येत होती. कालही दिवसभर येत होती. थोडी खटखट, मग शांतता, मग परत. बाबा टाइप करून बघत होते, आवाज आला का, आला का. जणू त्यांनी बघितल्याने येणार होता. तिचं डोकं फिरलं. ती दारात जाऊन उभी राहिली.

"बाबा, बास करा ती खटखट. आवाज आला की मी सांगीन तुम्हाला."

बाबांनी मान वर केली. डोळे लाल होते, चिडून की आणखी कशाने ते तिने पाहिलं नाही. त्यांनी परत खाली बघून एक ओळ टाइप केली, ठणकन शेवटचं बटण दाबलं, आणि तिच्याकडे बघत राहिले. मशीन गप्प. "झालं समाधान?" ती म्हणाली आणि खोलीत परतली.

गंजक्या खिळ्याने तोवर लिहून ठेवलं होतं की कुणी केलं ते मरू दे. सगळं एकदम अपडेट कर, मग आवाजाचा प्रोग्रॅम नव्या भागांवर पुन्हा बांधून तयार कर. त्याआधी आवाजाच्या फायलींची प्रत दुसरीकडे ठेव. खाली पुन्हा, ठेवलीस का? आणि त्याखाली, खरंच ठेवलीस का?

खरंच ठेवली नव्हती. ती ओशाळली, आणि ओशाळल्यामुळे आणखी चिडली. प्रत ठेवल्यावर तिने एकेक फाइल पुन्हा तपासली, कारण त्या फायली गेल्या असत्या तर नव्याने वाचून घ्यायला आता घसाच नव्हता. मग तिने आपल्या लॅपटॉपवरूनच बाहेरच्या संगणकाला सगळं अपडेट करायला सांगितलं. ते निमूट झालं. आवाजाचा प्रोग्रॅम मात्र बांधताना अर्ध्यात आडवा झाला. तिने पुन्हा बांधला, पुन्हा तेच. तिसऱ्यांदा तिने प्रोग्रॅम लिहिणाऱ्याच्या सात पिढ्या उद्धरल्या आणि तो मजकूर, या खेपेला संपूर्ण, फोरमवर चिकटवला.

"थांब," गंजका खिळा म्हणाला. "मी माझ्याकडे बांधून बघतो."

तो गेला. बराच वेळ गेला. पहिल्या उत्तरवाल्याने तेवढ्यात पुन्हा विकीची आठवण करून दिली, तिकडे तिने दुर्लक्ष केलं. कुणी कुठला हा खिळा, सुट्टीच्या दिवशी आपली कामं टाकून परक्याच्या बापासाठी बसलाय, आणि आपण त्याला वाचता येतं का विचारलं. तिला हे कळत होतं. पण राग असा लगेच उतरत नाही, तो आधी जागा शोधतो.

तो परत आला तो एक बदललेली ओळ घेऊन. "ही घाल. माझ्याकडे बांधला गेला. तुझ्याकडे नाही गेला तर दोष तुझा."

तिने ओळ घातली. प्रोग्रॅम शेवटपर्यंत बांधला गेला. तिने बाहेरचा संगणक बंद करून लावला आणि चाचणीचं वाक्य टाइप करायला हात उचलला. त्याआधीच बाहेरच्या खोलीत भोंगा वाजला.

"मशीनचं मी बघीन. तो तुझा मित्र गेल्यावर मी एकट्याने यात एक प्रोग्रॅम बसवलाय. तू तिकडे गेलीस की त्यात दिसशील. काही अडलं नाही माझं."

ती दचकून उठली होती, ती खुर्चीच्या कडेवर परत टेकली. रांग हटली नव्हती. रांगेत सगळं होतं.

"बंद का केलं होतंस."

"आवाज लाव तो परत."

"ऐकू येतंय का."

"ठिणगे."

"ठिणगे."

"ठिणगे, मी बसवलं त्यानेच बिघडलं का."

"त्या लोकांशी भांडू नकोस. मी केलंय."

"जेवून घे."

"ठिणगे, इकडे ये."

सगळं त्याच एका आवाजात, दात-ओठ खात, लिलावात कुणी कमी बोली लावल्यावर यायचा तसा. दोन दिवस ते हाका मारत होते, भिंतीच्या पलीकडून, आणि तिने जाऊन सांगितलं होतं की खटखट बास करा. ती रडली. रडतानाही तिला रागच आला होता, तो आता फक्त स्वतःचा.

"नाही म्हणून कळवलंस तर याद राख," मशीन म्हणालं, आणि रांग संपली.

तिने डोळे पुसले आणि फोरमवर लिहिलं, "आवाज आला. अर्धवट अपडेट घरातच झालं होतं. वडील सांगतच होते, मी मधेच मशीन बंद केलं. तुमचे उपकार आहेत." गंजक्या खिळ्याचं उत्तर लगेच आलं: शीर्षकात 'सुटलं' असं लिही, पुढच्याला उपयोगी पडतं.

नकाराचा मजकूर लॅपटॉपवर दुसऱ्या खिडकीत तयारच होता. तिने तो पुसला आणि बाहेर गेली. बाबा खुर्चीत ताठ बसले होते. दोन दिवसांचं सगळं पोरीसमोर एकदम बाहेर पडल्याने त्यांचा चेहरा लालबुंद झाला होता, आणि ते तिच्याकडे न बघता कीबोर्डवरची नसलेली धूळ झटकत होते.

तिने स्टूल ओढलं आणि शेजारी बसली.

"पुढच्या वेळचं अपडेट तुम्ही करायचं," ती म्हणाली. "सगळं एकदम. आत्ता माझ्यासमोर करून दाखवा. आणि अर्धवट केलंत ना बाबा..."

बाबांनी तिला हाताने थांबवलं आणि टाइप केलं.

"तू तोंड बंद ठेव. मी बोलतोय."

ती तोंड बंद ठेवून बसली.